व्याख्यानमालेला लोक येतात, पण त्यातून होतं काय? हे मोजायचं कसं?

माळरान | १८ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आमच्या तालुक्याच्या गावात दर जानेवारीत पाच दिवसांची व्याख्यानमाला होते. शाळेच्या पटांगणात मांडव, अडीचशे खुर्च्या, पुढे मुलांसाठी सतरंज्या. गेली सहा वर्षं मी तिची कार्यवाह आहे. वक्ते मानधनाचा आग्रह धरत नाहीत, चहा मंडळातल्या बायका घरून करून आणतात. तरी मांडव, ध्वनिक्षेपक, वक्त्यांचा प्रवास यांसाठी देणग्या लागतातच.

परवा एका देणगीदारांनी गेल्या वर्षीचा हिशेब पाहिला, समाधान व्यक्त केलं आणि मग विचारलं, "ताई, यातून गावात काय होतं?" बोलण्यात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी गर्दीचे फोटो दाखवले, कात्रणं दाखवली, अभिप्रायाची पत्रकं दाखवली. शेवटच्या दिवशी आम्ही २०० पत्रकं वाटली होती, ३१ परत आली. त्यातल्या २९ जणांनी 'उत्कृष्ट'वर खूण केली होती. उरलेल्या दोघांनी ध्वनिक्षेपकाची तक्रार लिहिली होती.

रात्री घरी येऊन ती पत्रकं पुन्हा वाचली आणि फार वाईट वाटलं. सहा वर्षं आम्ही सगळे राबतोय आणि त्या प्रश्नाला द्यायला माझ्याकडे ३१ कागद आहेत.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून गावोगाव हे चालत आलंय. ऐकून घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे विचारायची साधी, गावात जमेल अशी पद्धत कुणाला माहीत आहे का? जानेवारीला अजून दोन महिने आहेत.

---

पडद्यामागे | १८ नोव्हेंबर, रात्री ११:१५

ताई, मी नाटकाच्या व्यवस्थापनात आहे, पंचवीस वर्षं होतील. आमच्याकडे पत्रकं कुणी वाटत नाही, पण प्रेक्षकांचा अभ्यास रोज होतो. नवं नाटक आलं की पहिल्या काही प्रयोगांना आमच्यातला एक जण प्रेक्षागृहात मागे उभा राहतो आणि रंगमंचाकडे पाठ करून लोकांकडे बघतो.

पहिली खूण खोकल्याची. लक्ष सुटलं की माणसाला घसा आठवतो. मग मोबाइलचा उजेड. मग मध्यंतरानंतर रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या. तिसरी घंटा झाल्यावरही लोक वड्याच्या स्टॉलपाशी रेंगाळत असतील तर पहिल्या अंकाने त्यांना धरलेलं नाही, हे आम्ही समजून घेतो. एका नाटकाच्या दुसऱ्या अंकात पाच वेगवेगळ्या गावांत एकाच संवादाशी खोकला सुरू व्हायचा. लेखकाला संहितेत पान दाखवलं, त्यांनी तो प्रसंग आखडला.

तुम्ही एवढं करा. दोन कार्यकर्ते मांडवाच्या दोन बाजूंना ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी भरलेल्या खुर्च्या मोजायला सांगा. दोघांनी आपापलं मोजायचं, एकमेकांना विचारायचं नाही. पाच दिवसांचे आकडे वेळेसमोर मांडा. फोटोत दिसत नाही ते त्यात दिसेल.

---

नमुना_निवड | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

वरचा सल्ला उत्तम आहे. मी सर्वेक्षणाच्या कामात आहे, म्हणून पत्रकांबद्दल लिहितो.

२०० पैकी ३१ आली हे वाईट नाही, पण ती *कोणाची* आली हा खरा प्रश्न आहे. ज्याला कार्यक्रम आवडला, ज्याचं आयोजकांशी नातं आहे आणि ज्याला घरी जायची घाई नाही, तो थांबून पत्रक भरतो. कंटाळून आठ वाजता उठलेला माणूस तुमच्या आकड्यात येतच नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९३६ सालच्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीचं. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि २० लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाच्या याद्या टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या, म्हणजे सधन लोकांच्या होत्या, आणि उत्तर पाठवणाऱ्यांत रूझवेल्टवर मुळात नाराज असलेले जास्त होते. वीस लाख उत्तरं असूनही उपयोग झाला नाही.

तेव्हा सगळ्यांना पत्रकं वाटू नका. खुर्च्यांना क्रमांक द्या. १ ते ५ मधून एक चिठ्ठी काढा, समजा ३ निघाला, तर ३, ८, १३, १८ असे दर पाचव्या खुर्चीवरचे लोक धरा. ५० माणसं होतील. त्या पन्नासांकडे जाऊन विचारा आणि कोणी नकार दिला तर नकारही लिहून ठेवा. अडीचशेंतले पन्नास म्हणजे उत्तर दहा-बारा टक्के इकडेतिकडे होईल. शंभरांना विचारता आलं तर साडेसात टक्क्यांच्या आसपास याल. गावासाठी एवढं पुष्कळ आहे.

आणि विचारणारा आयोजकांपैकी नको. आपल्याकडे ज्याने चहा पाजला त्याला तोंडावर 'कंटाळा आला' कुणी म्हणत नाही. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं घ्या.

---

षड्ज | १९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासूनचं आहे.

सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. तो रात्रभर चालायचा त्या काळात मी वडिलांच्या मांडीवर झोपत झोपत ऐकलेला आहे. पहाटे कधीतरी जाग यायची, तानपुरे लागलेले असायचे, अंगावर शाल असायची. त्यातला एकही राग मला त्या वयात कळला नाही. त्या वेळी कुणी येऊन "आज काय शिकलास?" असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? पण आज मी जो ऐकणारा आहे तो त्या पहाटांमुळे आहे.

काही गोष्टींचा परिणाम वीस वर्षांनी दिसतो. तो दीड महिन्यात मोजायला गेलात तर शून्य येईल, आणि मग कुणीतरी तो शून्य दाखवून देणगी बंद करेल. मला या धाग्याबद्दल हीच भीती वाटते.

---

नमुना_निवड | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

षड्ज, तुमची भीती खोटी नाही. जे मोजता येत नाही ते नाहीच, असं मानणाऱ्यांनी चांगली कामं बंद पाडलेली मी पाहिली आहेत. म्हणून अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहावं की आम्ही हे आणि एवढंच मोजलं.

पण तुमच्याच मैफलीतून एक गोष्ट सांगतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांचा १९९३ सालचा एक प्रयोग आहे. लोकांना एकदा १४ अंशांच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात ठेवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या तीस सेकंदांत पाणी अंशभर कोमट केलेलं. यातलं पुन्हा काय कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला प्रकार निवडला. एकूण त्रास जास्त होता, पण शेवट बरा होता. आठवण सगळ्या वेळाची बेरीज करत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांवर ती बसते.

आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. भैरवी रंगली की मधला सगळा शिणवटा निवतो. त्या दारात हातात दिलेल्या पत्रकावर जे उमटतं ते भैरवीचं असतं, मधल्या दीड तासाचं नव्हे. व्याख्यानालाही हे लागू आहे. शेवटी पसायदान झालं की सगळ्यांचं मन भरून आलेलं असतं. तेव्हाच विचारलं तर 'उत्कृष्ट'च येणार.

---

षड्ज | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

भैरवीबद्दल लिहिलंत ते पटलं. घरी येताना आम्ही भैरवीबद्दलच बोलत असू, हे आता लक्षात येतंय. तरी माझी भीती पुरती गेलेली नाही, ती नोंद राहू द्या.

---

बांधावरून | २० नोव्हेंबर, सकाळी ६:२०

मी कृषी खात्यात ३४ वर्षे काढली. कार्यक्रमांचे मला फारसे कळत नाही, पण हा सगळा प्रश्न आमच्या पीक कापणी प्रयोगासारखा वाटतो, म्हणून लिहितो.

तालुक्याचे उत्पन्न ठरवायला सगळी शेते कापता येत नाहीत. म्हणून गाव, सर्व्हे नंबर आणि शेतातला तुकडा हे सगळे यादृच्छिक आकड्यांवरून ठरते. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापासून इतकी पावले लांबी, इतकी पावले रुंदी, जिथे पोचाल तिथे खुंटी ठोकायची. शेतकरी म्हणतो, "साहेब, तिकडचा तुकडा घ्या." कधी त्याला उत्पन्न कमी दिसायला हवे असते, कधी आपले पीक मिरवायचे असते. आपण हलायचे नाही. आकडा सांगेल तोच तुकडा.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे मोठे संख्याशास्त्रज्ञ झाले. त्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघते. कारण तुकड्याभोवती आखलेल्या दोरीवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की माणसाचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान असला की आतल्या रोपांच्या मानाने दोरीवरची रोपे जास्त, म्हणून चूकही जास्त. यात कुणी मुद्दाम लबाडी करत नाही. हात आपोआप तसा जातो.

ताई, तुमच्या मांडवातही दोरीवरची माणसे असतात. व्याख्यान संपल्यावर वक्त्याभोवती जमणारी, तुमच्याशी बोलायला थांबणारी. मुलांना 'पन्नास जणांना विचारून या' एवढेच सांगितले तर ती त्यांनाच विचारतील, कारण ती हसून बोलतात. खुर्चीचा क्रमांक ठरला की तीच खुर्ची. आजोबा कडक दिसत असले तरी त्यांनाच विचारायचे.

दोन जणांनी वेगवेगळे मोजायचे हेही उत्तम. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी मोठ्या सर्वेक्षणांत हेच केले होते. एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवायच्या आणि त्यांच्या उत्तरांत किती फरक पडतो ते बघायचे. फरक फार आला तर दोष लोकांत नसून मोजण्यात आहे हे कळते.

---

किनारा | २० नोव्हेंबर, रात्री १०:००

बांधावरून काका, 'दोरीवरची माणसं' हे शब्द मी आता कायम वापरणार.

मी कोकणात आरोग्याच्या कामात आहे. आम्ही पावसाळ्याआधी वाड्यावाड्यांत सर्पदंशावर कलापथकाचे प्रयोग केले. जखम कापायची नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, लवकरात लवकर दवाखाना गाठायचा. खेळाआधी तीन प्रश्न विचारले, खेळानंतर तेच तीन. नंतरची उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर आली. आम्ही खूश होतो.

मग भाताची लावणी आटपल्यावर त्याच वाड्यांत पुन्हा गेलो आणि दोन गोष्टी कळल्या. पहिली, जिथे कलापथक गेलंच नव्हतं अशा एका वाडीतही तेच प्रश्न विचारले, तर तिथेही बऱ्याच जणांना उत्तरं येत होती. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना शिकवलं होतं, मुलांनी घरी सांगितलं होतं. म्हणजे सगळं श्रेय कलापथकाचं नव्हतं. ती तुलनेची वाडी नसती तर आम्ही ते आनंदाने घेतलं असतं.

दुसरी गोष्ट मला अजून टोचते. आमच्या एका वाडीत रात्री एकाला साप चावला. घरातल्यांना खेळातलं सगळं आठवत होतं. बांधलं नाही, कापलं नाही. पण गाडी मिळेना, म्हणून आधी जवळच्या मांत्रिकाकडे नेलं. माणूस वाचला, पण उशीर झाला होता. त्यानंतर आम्ही खेळाच्या शेवटी त्या वाडीतल्या गाडीवाल्यांचे नंबर सगळ्यांसमोर भिंतीवर लिहायला लागलो.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाबद्दल चार पायऱ्या मांडल्या होत्या. लोकांना आवडलं का, त्यांना कळलं का, त्यांनी तसं केलं का, आणि त्यातून शेवटी काही बदललं का. तुमची ३१ पत्रकं पहिल्या पायरीवर आहेत. आमचे तीन प्रश्न दुसऱ्या. गाडीची गोष्ट तिसऱ्या पायरीवर कळली, तीही पुन्हा वाडीत गेलो म्हणून.

---

माळरान | २२ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे किती आभार मानू! मंडळाच्या बैठकीत हा धागा वाचून दाखवला.

आमचं असं ठरलंय. खुर्च्या दर पंधरा मिनिटांनी दोघांनी मोजायच्या. दर पाचव्या खुर्चीला कॉलेजची मुलं विचारणार, पण पसायदानाआधी, प्रश्नोत्तरं सुरू असताना. ज्यांची संमती असेल त्यांचे फोन नंबर घ्यायचे आणि सहा आठवड्यांनी फोन करायचा. एक सदस्य म्हणतात की '० ते १० पैकी किती गुण द्याल' हा एकच प्रश्न पुरे, मोठ्या कंपन्या तोच विचारतात. तुम्हाला काय वाटतं?

---

नमुना_निवड | २२ नोव्हेंबर, रात्री ९:३५

ती पद्धत फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ साली मांडली. 'तुम्ही हे दुसऱ्याला सुचवाल का' या प्रश्नाला ९ किंवा १० देणारे आपले प्रचारक, ७-८ वाले तटस्थ, ६ आणि त्याखालचे नाराज. प्रचारकांच्या टक्केवारीतून नाराजांची वजा करायची.

आपल्याकडे ती जशीच्या तशी लावू नका. आपण ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी म्हणणाऱ्या शाळांतून आलोय. आमच्या मास्तरांनी निबंधाला दहापैकी सात दिले तर आम्ही घरी पळत सांगायला जायचो. तुमच्या गावातले निवृत्त शिक्षक मनापासून खूश होऊन ६ देतील आणि ही पद्धत त्यांना नाराजांत टाकेल.

त्यापेक्षा उघडे प्रश्न विचारा. "आज ऐकलेलं घरी जाऊन कुणाला काय सांगाल?" "घड्याळाकडे कधी पाहिलंत?" 'कसं वाटलं' असं विचारू नका, त्याला 'छान' एवढंच उत्तर असतं. आणि सहा आठवड्यांनी फोन केलात तर आधी काही आठवण करून न देता विचारा, "जानेवारीत काय ऐकलंत?" गप्प राहिले तर ते गप्प राहणंही लिहा.

---

दूरदेशी | २३ नोव्हेंबर, पहाटे ४:१५

परदेशातल्या एका महाराष्ट्र मंडळात काम करतो. सगळे आलेल्यांबद्दलच लिहितायत, म्हणून एक जोडतो. आम्ही एका वर्षी फक्त *न आलेल्यांना* फोन केले. तिकीट काढलं होतं आणि आले नाहीत, किंवा आधी येत असत आणि थांबले. आम्हाला वाटत होतं नाटकांची निवड चुकतेय. उत्तर निघालं की लहान मुलं कुठे ठेवायची हा प्रश्न होता. पुढच्या खेपेला शेजारच्या खोलीत मुलांसाठी चित्रकला ठेवली आणि ती कुटुंबं परत आली. नाटक तेच होतं.

आणि शेवटच्या दिवशी तुमच्याकडे मैदानात कार्यक्रम असेल तर गर्दीचा अंदाज डोळ्यांनी करू नका. बर्कलीतले पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६० च्या दशकात एक सोपा हिशेब बसवला. मैदानाचं क्षेत्रफळ काढायचं, सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाटीत साडेचार धरायचे. वॉशिंग्टनला १९९५ सालच्या मोठ्या मोर्चाचा आकडा सरकारी उद्यान खात्याने ४ लाख दिला, तर बॉस्टन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी छायाचित्रांवरून ८ लाख ३७ हजार काढला, वीस टक्के कमी-जास्त धरून. एवढा फरक पडू शकतो.

---

माळरान | ९ मार्च, रात्री १०:२०

उशिरा लिहितेय, पण कामं संपवूनच लिहायचं ठरवलं होतं.

आधी खुर्च्यांचं. पाचही दिवस आठ वाजून पाच-दहा मिनिटांनी मांडवातून तीस-पस्तीस माणसं एकदम कमी झाली. पहिल्या दोन दिवशी आम्हाला वाटलं वक्ते लांबवतायत. तिसऱ्या दिवशीचे वक्ते अप्रतिम बोलत होते, मी स्वतः भान विसरले होते, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी तेवढीच माणसं उठली. दोघांचे आकडे जवळजवळ सारखे, म्हणजे मोजण्यात चूक नव्हती. मग चौथ्या दिवशी फाटकाशी दोन मुली उभ्या केल्या आणि उठून जाणाऱ्यांना विचारलं. साडेआठची शेवटची एसटी. नदीपलीकडच्या तीन वाड्यांची माणसं, त्यांत बायकाच जास्त. सहा वर्षं आम्ही साडेसहाला सुरू करून नऊला संपवत होतो आणि एकदाही त्यांना शेवट ऐकायला मिळाला नव्हता. आमची अभिप्रायाची पत्रकं शेवटी वाटली जायची, त्यामुळे त्यांच्या हातात एकही कधी पडलं नाही. पडद्यामागे, हे तुमच्यामुळे कळलं.

सहा आठवड्यांनंतरचे फोन कॉलेजच्या मुलांनी केले. ८२ जणांनी नंबर दिले होते, ५७ जण बोलले. २६ जणांना काहीतरी नेमकं आठवत होतं. बाकीच्यांना वक्त्याचं नाव किंवा 'चांगलं झालं' एवढंच. एका बाईंनी मृत्युपत्रावरचं व्याख्यान ऐकून नवऱ्याशी बोलणं काढलं, अजून कागद केलेला नाही. एका मुलाने ग्रंथालयाचं सभासदत्व घेतलं, पण तो म्हणाला की तो तसाही घेणारच होता. तेही तसंच लिहिलंय. किनारा, शेजारच्या गावात तुलना करायला माणसं पुरली नाहीत, पुढच्या वर्षी नक्की करू.

षड्ज, तुमच्यासाठी एक. एका आजोबांना फोनवर काहीच आठवेना. ते म्हणाले, "बाळा, विषय विचारू नकोस. सून गेल्यापासून मी घराबाहेर पडत नव्हतो, ते पाच दिवस पडलो." मुलीने हे कुठल्या रकान्यात लिहायचं म्हणून मला विचारलं. आम्ही त्याला रकाना केला नाही, पहिल्या पानावर तसंच्या तसं लिहिलं.

देणगीदारांना सगळं दिलं, २६ चा आकडाही. त्यांनी एसटीचा परिच्छेद दोनदा वाचला आणि विचारलं, "मग साडेपाचला सुरू करता येईल का?" शाळा पाचला सुटते, मांडवात खुर्च्या लावायला पाऊण तास लागतो. आगारप्रमुखांना नऊ सव्वानऊच्या एका फेरीसाठी अर्ज केलाय, पाच दिवसांपुरता. कुणी असा अर्ज मंजूर करून घेतला असेल तर कसा लिहिला होता ते सांगा.

---

बांधावरून | १० मार्च, सकाळी ६:०५

अर्जासोबत तुमचे पाच दिवसांचे खुर्च्यांचे आकडे जोडा, वेळेसहित. प्रवासी किती मिळतील हे आगाराला त्यातूनच कळेल. तिन्ही वाड्यांच्या ग्रामपंचायतींची पत्रे घ्या. आणि अर्ज दिवाळीआधी पुन्हा एकदा स्वतः जाऊन द्या.